पोवळ्यांचा बांध

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात समुद्र राहायला आला होता. शेवगावपासून थोडं आत, काळ्या रानाच्या मधोमध आमचं घर. पुढे पत्र्याची पडवी, पडवीसमोर विहीर, विहिरीपलीकडे थोडा ऊस आणि बाकी सगळं कपाशीचं रान. समुद्र इथून इतका लांब, की आमच्या गावात पोहायला शिकलेली माणसं विहिरीतच शिकलेली. तरी लेक बाळंतपणाला माहेरी आली आणि येताना तो सोबत घेऊन आली. तिच्या बोलण्यात समुद्र, झोपेत समुद्र, मोबाईलमधल्या निळ्या फोटोंत समुद्र. दुपारी जेवणं उरकून सगळे आडवे झाले की पंख्याची घरघर मलाही लाटेसारखी ऐकू यायची. मी जन्मभर हायस्कूलमध्ये मराठी शिकवलं, पोरांचं व्याकरण तपासलं. असले भास मला शोभत नाहीत, पण व्हायचे खरे.

लेक आणि जावई दोघं अरबी समुद्रातल्या एका चिंचोळ्या बेटावर राहतात. जावई वेंगुर्ल्याकडचा, पाण्यातच वाढलेला. दोघांचं काम एकच, बेटाभोवतीची पोवळी सांभाळायची. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा आमच्या मालकांनी विचारलं होतं, "पवळं म्हंजी अंगठीतलं?" मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडे नवऱ्याला असंच म्हणतात, मालकी कुणाची ते मला विचारू नका. त्यांचं तरी काय चुकलं? पोवळं म्हणजे मंगळ कडक असलेल्याच्या बोटातला लाल खडा, एवढंच आम्हाला ठाऊक. तो राखायला आपली शिकली-सवरलेली पोर एवढ्या लांब जाते म्हटल्यावर मला आधी हसू आलं आणि मग रागच आला.

लेकीनं समजावून सांगितलं. पोवळी म्हणजे बारीक बारीक जीव. ते स्वतःभोवती दगडाचं घर बांधतात, मेले की त्या घरावर पुढच्यांचं घर, त्यावर आणखी पुढच्यांचं. असं करत करत तळापासून वर चढत गेलेला एक मोठा कडा बेटाच्या चहूबाजूंनी पाण्याखाली उभा आहे. कड्याच्या बाहेर खोल, काळसर समुद्र. आत हिरवं-निळं, उथळ, संथ पाणी. आणि त्या संथ पाण्याच्या काठावर तिचं घर, घरापुढे माड, माडांना बांधलेला झोपाळा. अख्खं बेट आपल्या घराच्या छपराएवढंसुद्धा उंच नाही म्हणाली. ते ऐकलं आणि त्या दिवसापासून मी रोज टीव्हीवर समुद्राकडचं हवामान बघायला लागले.

नात मार्चमध्ये झाली. काळी कुळकुळीत, भरपूर जावळ, रडताना खालचा ओठ बाहेर काढायची. तिला पायावर घेऊन मी न्हाऊ घालायची तेव्हा लेक समोर पाटावर बसून डोळे मिटून घ्यायची. म्हणायची, "आई, तू पाणी ओततेस तसाच आवाज येतो गं तिथं, पहाटे भरती येताना." मी म्हणायची, "डोळे उघड आणि ती वेखंडाची पूड दे इकडे." पण तांब्या जरा हळू ओतायची.

सकाळची लाइट असली की मालक मोटर चालू करत. आमच्या उसाला पाइपातून पाणी येतं ते एकदम जोरात, आणि पाटाच्या तोंडाशी पडतं. तिथं त्यांनी दगड रचून ठेवलेत. ते नसले तर धार माती खणून काढते, दोन पाण्यांत पाटाच्या जागी खड्डा होतो. एकदा लेक बाळाला खांद्यावर टाकून तिथं उभी राहिली. दगडांवर शेवाळ होतं, फटींतून छोट्या बेडक्या डोकावत होत्या. पाणी वरून दणदण आदळत होतं आणि दगडांच्या खालून निघताना अगदी शहाणं होऊन चाललं होतं.

"आबा, हे दगड कशाला?" तिनं विचारलं. तिला माहीत होतं. बापाला बोलतं करायचं म्हणून विचारलं.

"पान्याचं पाय मोडाया," मालक म्हणाले. "पानी धावतंय तवर खातंय. एकदा पाय मोडलं की गुमान चालतंय बघ."

ती किती वेळ हसत राहिली. म्हणाली, "आमचा कडा अगदी हेच करतो, आबा. लाट त्याच्यावर येऊन फुटते, तिचे पाय मोडतात, आणि बेटापर्यंत पोचतं ते नुसतं दमलेलं पाणी."

"मंग त्यो जिता कशाला पायजे? दगड मेला काय न् जिता काय, काम करतोयच की."

"हे दगड हलले तर नीट कोण लावतं?"

"मीच की."

"तिथं लावणारं कुणी नाही. ते स्वतःच स्वतःला लावतात, रोज थोडं थोडं. मेले की लावणं थांबतं आणि झिजणं मात्र चालूच राहतं. मग कडा खाली खाली जातो आणि लाट वरून चालत येते."

मालकांनी पायानं एक दगड दाबून बसवला. पाणी जास्त गरम झालं की पोवळी पांढरी पडतात आणि त्यातली पुष्कळशी मरतात, हे तिनं तेव्हाच सांगितलं. बेटाच्या उत्तरेकडची बाजू मागच्या उन्हाळ्यांत अशीच मेली होती. तिचं घर दक्षिणेला होतं. मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले आणि उत्तरेला कुणाची घरं आहेत ते विचारलं नाही.

वैशाखात एके दिवशी सकाळी आभाळ भरून आलं. अरबी समुद्रात वादळ उठल्याचं मोबाईलवर, टीव्हीवर सगळीकडे सांगत होते. जावयाचा फोन आला. बेटावरच्या माणसांना शाळेच्या इमारतीत नेत होते, तो माणसं हलवायला मदत करत होता. "आई, काळजी करू नका, हिला नीट जेवायला घाला," एवढं बोलला आणि आवाज तुटला. मग रेंजच गेली. लेक फोन लावत राहिली, लागेना. शेवटी तिनं मोबाईल पालथा घातला आणि बाळाला पाजायला घेतलं.

आणि इथं काय सांगू, आमच्याकडे त्याच वादळाचा गार वारा सुटला. महिनाभर तापलेलं रान, तळाला गेलेल्या विहिरी, आणि असा वारा. माझी चुलत जाऊ पदर सावरत पडवीत आली. "लई ग्वाड वारं सुटलंय बाई! आज पडतोय बगा. हिरीला पानी आलं तर जनावरं तरी तरतील." तिचा चेहरा इतका उजळला होता, की मला तिला काही सांगवेना. तिचं खोटं नव्हतंच. त्या एकाच ढगाचं एक टोक आमच्यावर होतं आणि दुसरं टोक माझ्या जावयाच्या डोक्यावर.

दुपारी पाऊस आला. पत्र्यावर असा कोसळला की एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या घरात पावसाला कधी कुणी पुरे म्हणत नाही. माझ्या सासूबाईंचा तर दंडक होता. पाऊस पडत असताना जेवायला बसलं आणि पोट भरलं, तरी वाढणाऱ्याला "पुरे" म्हणायचं नाही, ताटावर नुसता हात आडवा धरायचा. पावसानं ऐकलं तर तो आपल्यालाच म्हटलं समजून निघून जाईल म्हणे. मी नवी नवरी असताना हे ऐकून हसले होते. नंतर इतकी वर्षं मीही तेच केलं आणि लेकीलाही तेच शिकवलं.

त्या दुपारी मी पडवीत उभी होते आणि माझ्या जिभेवर तो शब्द सारखा येत होता. शेजारीपाजारी पोरं पावसात नाचत होती. कुणीतरी घमेली पागोळ्यांखाली लावली होती. मला वाटत होतं ओरडावं, पुरे कर बाबा, पुरे. या पावसाचा आणि तिथल्या लाटांचा तसा काय संबंध, हे मलाही कळत होतं. पण कळून काय उपयोग? मी ओठ दाबून उभी राहिले. तेवढ्यात मालक माझ्याजवळून पुढे गेले. पडवीच्या कडेला उभं राहून त्यांनी पावसात हात काढला. मला वाटलं पाणी झेलतायत. पण त्यांचा तळवा खाली होता. ताटावर धरतात तसा आडवा हात त्यांनी आभाळाखाली धरला होता, आणि ते काही न बोलता तसेच उभे होते, बाही भिजून दंडाला चिकटेपर्यंत. ज्या माणसानं जन्मभर पावसाची वाट पाहिली, त्याचा तो हात मी कधी विसरणार नाही.

आत लेक भिंतीला टेकून बसली होती, बाळ मांडीवर झोपलेलं. मी तिच्या शेजारी बसले. तिनं डोळे मिटले होते आणि ती हळूहळू बोलत होती. माझ्याशी बोलत होती की बाळाशी, कुणास ठाऊक.

"आता बाहेर मोठी लाट उठली असेल. काळी. ती येतेय, येतेय... आता तिला खालून कडा लागला. तिचा पाय अडकला. ती पुढे कलंडली, फुटली, सगळा पांढरा फेस. आता पाणी पोवळ्यांवरून पसरतंय. फांद्याफांद्यांच्या पोवळ्यांतून जातंय, मेंदूसारख्या गोल पोवळ्यांवरून जातंय, प्रत्येक जण त्यातलं थोडं थोडं बळ काढून घेतोय. मासे खबदाडीत बसलेत. आता ते उथळ पाण्यात आलं. आता नुसतंच हलतंय. आता माडाच्या मुळाशी आलं, आणि परत निघालं." मग श्वास घेऊन पुन्हा, "आता दुसरी उठली."

अशा किती लाटा तिनं त्या खोलीत फोडल्या, मी मोजल्या नाहीत. पत्र्यावरचा पाऊस वाढला की तिची लाट मोठी व्हायची. मला खरोखर दिसायला लागलं सगळं. आमची खोली तळाशी गेली, भिंतीवरच्या कॅलेंडरापुढून मासे निघाले, नातीचं जावळ पाण्यात हललं. भीती वाटत होती आणि त्या भीतीतसुद्धा ते इतकं सुंदर होतं, की मी तिला थांबवलं नाही. मधेच माझ्या लक्षात आलं, की ती सगळ्या लाटा दक्षिणेच्याच सांगतेय. उत्तरेची एकही नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि जावयाचा फोन आला. तो सुखरूप होता. आवाज बसलेला, पण हसत होता. त्यांच्या घराच्या पायरीलाही पाणी लागलं नव्हतं, झोपाळा तेवढा तुटला. उत्तरेकडे मात्र समुद्र घरांत शिरला. माणसं शाळेत होती म्हणून वाचली, पण विहिरी खारट झाल्या, चुली वाहून गेल्या, माड आडवे झाले. एवढं ऐकून लेक ओक्साबोक्शी रडायला लागली. नवरा जिवंत आहे, घर उभं आहे, आणि ही रडतेय कशाला? मी तडकलेच. "अगं, तुझं कुंकू शाबूत आहे, देवापुढे साखर ठेव! त्या दगडांसाठी काय रडतेस?"

ती म्हणाली, "उत्तरेच्या बायकांनी मला विचारलं होतं आई, तुमच्या पोवळ्यांचं काय झालं म्हणून. मी म्हटलं होतं, येतील परत."

त्याच क्षणी मी मनात पक्कं ठरवलं, की पोरगी आणि तिचा नवरा खुशाल तिकडे जावोत, नात जाणार नाही. समुद्र घरांत शिरतो त्या जागी माझी नात जाणार नाही.

पावसाळाभर मी त्याच कामाला लागले होते. वरच्या दुधाची सवय लावायला हवी म्हणून वाटी-चमचा आणला. दुपट्यांचा ढीग शिवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "वर्षभर तरी आजीकडे राहिलेलं बरं असतं, अंग धरतं." लेक ऐकायची आणि हो-नाही काहीच म्हणायची नाही. मला वाटलं, विरघळतेय.

मालकांचं वेगळंच चाललं होतं. एक दिवस मी बांधावर गेले तर काळ्या दगडांची रास दिसली. चपटे एकीकडे, भोकाभोकांचे एकीकडे. मी विचारलं, हे काय? तर लाजून म्हणाले, "तिकडं धाडू म्हनतो. कडा खाली गेलाय ना त्येंचा. आपल्याकडं दगडाला काय तोटा हाय?" टेम्पोवाल्यालाही विचारून झालं होतं. टेम्पो समुद्रात कसा जाणार, हे त्यानंही विचारलं नव्हतं आणि यांनीही सांगितलं नव्हतं. लेकीनं त्यांना जवळ बसवून समजावलं, बेटावर बाहेरचं काही असं नेता येत नाही, माती नाही, दगड नाही, त्यांतून रोग जातात. रुसले. "दगडाला बी रोग असतोय व्हय?" म्हणाले आणि संध्याकाळचा चहा घेतला नाही. मला इतकं हसू आलं, आणि हसताना रडूही.

दसऱ्यानंतर ती निघाली. कपाशी फुटली होती, वेचणीला बाया लागल्या होत्या. पुण्याहून विमान, पुढे कोचीहून आणखी एक लहान विमान. आम्ही गाडी केली. मालक पुढे बसले, आम्ही मायलेकी मागे, नात माझ्या मांडीवर. नगर मागे पडलं. दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं गवत पळत होतं. नात झोपेत ओठ चोखत होती आणि मी तिच्या पायाचा तळवा मुठीत धरला होता. अजून मी विचारलेलं नव्हतं.

सुप्याला चहाला थांबलो. कारखान्यांची पाळी सुटली होती, रस्त्यावर गणवेशातल्या पोरापोरींची गर्दी. मालक चहा सांगायला उतरले. मी मनाचा हिय्या केला आणि एका दमात बोलून टाकलं, "हिला ठेव माझ्याजवळ. तुमचा तो पोवळ्यांचा बांध नीट होईपर्यंत. मी हात जोडते."

मला वाटलं होतं ती चिडेल, भांडेल. माझी उत्तरं सगळी तयार होती. ती खिडकीबाहेर बघत राहिली, आणि मग अगदी हळू म्हणाली, "मलाही भीती वाटते आई. त्या दिवसापासून वाटते. तू म्हणशील तर ठेवते. तूच सांग."

जे मागायला मी सगळा पावसाळा घालवला ते असं माझ्या पदरात पडलं, आणि मला ते धरवेना. मी लेकीकडे पाहिलं. तिच्या ब्लाउजवर दुधाचा ओला डाग उमटला होता आणि तो तिच्या लक्षातही नव्हता. डोळ्यांसमोर ती बेटावर एकटी उतरताना दिसली. उत्तरेच्या बायका पाण्याजवळ उभ्या, कडेवर आपापली पोरं. त्या विचारतील, तुझं बाळ कुठाय? आणि ही काय सांगेल त्यांना? माझं सुरक्षित ठेवून आलेय, तुमची राहू द्या? त्यानंतर तिथं तिचा शब्द कोण ऐकेल, आणि तिला तरी पाण्यात उतरवेल का?

"काही ठेवू नकोस," मी म्हटलं. "घे तुझी तुला. आणि ती उत्तरेची बाजू आधी बघ."

मी नातीला उचलून तिच्या मांडीवर दिलं. ती किंचित कुरकुरली आणि आईच्या वासाला लागून पुन्हा झोपली. मालक चहाचे कप घेऊन आले, माझी रिकामी मांडी बघितली, आणि काही न विचारता आधी मला चहा दिला. पुण्यापर्यंत मी तिला परत मागितलं नाही. मागितलं असतं तर परत दिलं असतं की नाही, मला माझी खात्री नव्हती.

विमानतळावर दारापर्यंतच जाऊ देतात. लेक वाकून पाया पडली, बाळाचं डोकं माझ्या गालाला लावलं, आणि आत गेली. काचेपलीकडे थोडा वेळ तिची पाठ दिसली, खांद्यावर ते काळं जावळ दिसलं. मालक अजून हात हलवत होते, काचेत आता दुसरीच माणसं होती तरी.

परतीच्या वाटेवर गाडीत बसले तेव्हा मला कळलं, की सुप्याच्या आधी कधीतरी नातीनं माझी साडी ओली केली होती. मांडीवर मोठा ओला डाग होता, अजून थोडा दमट. मी त्यावर दोन्ही हात ठेवले. खिडकीतून आमच्याकडचं कोरडं, गरम वारं आत येत होतं. मी मालकांना म्हटलं, काच लावा. त्यांनी लावली. तरी नगर येईपर्यंत तो डाग वाळला.